शेवटची तारीख बांधावर

वकील हरला की त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. कुणी पक्षकाराकडे न बघता तडक बार रूममध्ये जाऊन चहा मागवतो. कुणी न्यायाधीशांचं शिक्षण काढतो. कुणी कोर्टाच्या पायऱ्यांवरच पक्षकाराच्या खांद्यावर हात टाकून "काळजी करू नका, आपण वर जाऊ" असं सांगतो. मी हरले की दिवसभर कुणाशी धड बोलत नाही आणि घरी गेल्यावर भांडी आपटते. शेवाळे साहेब हरले की कागद नीट बांधायचे, चष्मा पुसायचे आणि समोरच्या वकिलाला विचारायचे, "मग, शेतावर कधी जायचं?"

मला हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझी चेष्टा करतोय. मी तेव्हा वकिलीत नवखी होते, नाकावर राग असायचा, आणि नाशिकच्या दिवाणी कोर्टात जमिनीच्या दाव्यांना उभ्या राहणाऱ्या बायका शोधाव्या लागायच्या. बाईला जमिनीतलं काय कळतं, असं तोंडावर म्हणणारे महाभाग बार रूममध्ये पैशाला पासरी होते. शेवाळे साहेब तसं कधी म्हणाले नाहीत. पण ते मला पहिल्या दिवसापासून "मॅडम" म्हणायचे, आणि त्यात काही खोच आहे का, हे शोधण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली. खोच नव्हती. ते शाळेतल्या बाईंनाही मॅडम म्हणायचे आणि घरी बायकोलाही.

ते मूळचे कळवणकडचे. निम्मी हयात नाशिकला गेली होती, कोर्टात स्वच्छ मराठी बोलायचे, पण डोकं फिरलं की आतली अहिराणी उसळून बाहेर यायची. उंच, किडकिडीत, किंचित पुढे वाकलेले. काळा कोट उन्हाने विटून तपकिरी झालेला, आणि त्याच्या डाव्या खिशात भाजलेले शेंगदाणे. युक्तिवादाला उभं राहण्याआधी चार दाणे तोंडात टाकायचे. ते नीट चावून होईपर्यंत सगळं कोर्ट थांबायचं. एखाद्या नव्या न्यायाधीशांना ते खटकायचं, पण मग साहेब बोलायला लागायचे आणि तक्रार जागच्या जागी विरायची.

बोलण्याची तऱ्हाही अजब. आधी समोरच्याची बाजू मांडायची. म्हणजे आम्ही ज्या मुद्द्यावर अडखळलो असू, तो मुद्दा स्वतः उचलून, घासूनपुसून, आमच्यापेक्षा चांगला करून न्यायाधीशांपुढे ठेवायचा. त्यानंतर आपलं सुरू. एका न्यायाधीशांनी त्यांना मध्येच थांबवून विचारलं होतं, शेवाळे, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात? त्यावर साहेब म्हणाले, आधी त्यांचं पूर्ण होऊ द्या साहेब, मग माझं सांगतो. असल्या उद्योगाने ते कधीकधी हरायचेसुद्धा. आम्ही मागे हसायचो, हे मान्य केलं पाहिजे.

नवा पक्षकार आला की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा: जिंकलात तर त्या जमिनीत काय पेरणार? लोक चक्रावायचे. आले असायचे वारसाचं नि हद्दीचं भांडण घेऊन, आणि वकील विचारतोय पेरणीचं. पण कुणी म्हणायचा सोयाबीन, कुणी म्हणायचा द्राक्षं लावायचीत, जमलं तर. त्यांचे कागद साहेब ठेवून घ्यायचे. एकदा एक झकपक पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ म्हणाले, पेरायचं काही नाही हो, भावाला धडा शिकवायचाय. साहेबांनी त्यांना शांतपणे माझ्या टेबलाकडे पाठवलं. मी ती केस घेतली, आणि पुढची कित्येक वर्षं त्या दोन भावांनी मिळून मलाच धडा शिकवला.

आणि कॅरम. बार रूममध्ये दुपारी कॅरम चालायचा आणि साहेब त्यात वाघ. एकदा पंचाने त्यांची राणी बाद ठरवली, कव्हर झाली नाही म्हणून. ती झाली होती. मी तिथेच उभी होते, स्वच्छ झाली होती. साहेबांनी तिथल्या तिथे जीव तोडून हुज्जत घातली, पंच बधेना, तेव्हा मुकाट्याने राणी परत मधोमध ठेवली आणि डाव हरले. पुढे महिनाभर चहाच्या टपरीवर भेटेल त्याला ते सांगत होते की राणी कव्हर झाली होती. कुणीतरी वैतागून म्हणालं, साहेब, तो डाव पुन्हा खेळून टाकू या एकदाचा. ते त्यांना बिलकुल मंजूर नव्हतं. डाव संपला होता म्हणे.

आता नाशिकलगतच्या मखमलाबादची केस. तुकाराम आणि रामभाऊ हे चुलतभाऊ. तुकाराम थोरला, रामभाऊ धाकटा. दोघांचे मळे लागून, आणि मधे ओढ्याच्या कडेने एक पट्टी, त्या पट्टीत विहीर. वडिलांच्या काळात तोंडी वाटण्या झालेल्या. ती पट्टी कुणाच्या वाट्याला गेली, हा दावा, तुकारामच्या वडिलांपासून चालत आलेला. वहिवाट तुकारामची, सातबाऱ्यावर नाव मात्र रामभाऊचं. तुकाराम आणि त्याची बायको काशीबाई फुलं करायचे, झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटेच्या फुलबाजारात काशीबाईच्या शेवंतीला गिऱ्हाईक ठरलेलं असायचं. त्यांची उरलेली जमीन कोरडी होती. विहीर गेली की मळाच गेला, इतकं ते सरळ होतं.

मी तुकारामची वकील, शेवाळे साहेब रामभाऊचे. विहीर रामभाऊच्या वडिलांनी खणली, असं साहेबांचं म्हणणं होतं आणि त्यांनी जुन्या माणसांच्या साक्षी आणल्या होत्या. माझ्याकडेही साक्षी होत्या. निकाल लागला तो आमच्या बाजूने: पट्टी आणि विहीर तुकारामची, ओढ्यावरचा वरचा मळा रामभाऊचा, दोघांनी एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. साहेबांनी जिल्हा न्यायालयात अपील केलं, तिथे हरले. मुंबईला उच्च न्यायालयात गेले, तिथे तर ते दाखलच करून घेतलं नाही. दिल्लीपर्यंत जायची रामभाऊची ऐपत नव्हती, म्हणजे सगळे दरवाजे संपले. त्यानंतर आठवड्याभरात ते माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी तो शेतावर जायचा प्रश्न विचारला.

त्यांची ही रीतच होती. निकाल पक्का झाला, वर जायला जागा उरली नाही, की ते दोन्ही बाजूंना जमिनीवर न्यायचे. त्याला ते शेवटची तारीख म्हणायचे. मोजणीच्या खुणेवर खड्डा घ्यायचा आणि हद्दीचा दगड रोवायचा, तो हरलेल्याने, स्वतःच्या हाताने. मग जिंकलेल्याच्या घरून आलेली भाकरी सगळ्यांनी बांधावर बसून खायची. कायद्यात यातलं काही नाही. मी त्यांना म्हटलंसुद्धा, साहेब, हे काय लग्न आहे का?

त्या दिवशी दगड रोवायला रामभाऊ पुढे झाला. धिप्पाड माणूस, पण दगड उचलताना डोळ्यांतून पाणी. तुकाराम मान खाली घालून उभा. साहेब रामभाऊच्या बाजूला उकिडवे बसले, कोट काढून बांधावर टाकला आणि त्यांनी स्वतः माती लोटली. रामभाऊने भाकरी काही खाल्ली नाही. गुळाचा खडा तेवढा तोंडात टाकला आणि उठून गेला.

परत येताना रिक्षात मी साहेबांना विचारलं, या माणसाला एवढं छळायची काय गरज होती? तुमचाच पक्षकार ना तो?

"मॅडम, जिंकणाऱ्याने रोवलेला दगड हरणारा उपटतो. तुम्ही बघितलंय, मी बघितलंय," ते म्हणाले. "स्वतः रोवलेला उपटायला माणसाला लाज वाटते. मला एवढंच जमतं."

मला ते तेव्हा पटलं नाही. म्हातारा भाबडा आहे, असं मी घरी नवऱ्याला सांगितल्याचं आठवतं.

इकडे तुकारामला मी सांगितलं होतं, आणि एकदा नव्हे, दोनदा सांगितलं होतं, की निकालाची नक्कल घेऊन तलाठ्याकडे जा आणि सातबाऱ्यावर नाव लावून घे. त्याने दोन्ही वेळा मान डोलावली. आणि मग काय केलं म्हणाल? नक्कल फ्रेम करून आणली आणि देव्हाऱ्यावर, खंडोबाच्या टाकाच्या वर, खिळा ठोकून टांगली. दसऱ्याला विळा-खुरप्यांबरोबर तिचीही पूजा. काचेवर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचा हार. ज्या निकालासाठी बाप आणि मुलगा दोन पिढ्या झिजले, तो तलाठ्याच्या टेबलावर कुठल्या तरी गठ्ठ्यात पडावा, हे त्याच्या मनाला झेपलं नसावं. पण त्यामुळे झालं काय, की कोर्टाने पट्टी तुकारामची म्हटली आणि सरकारी कागदावर ती रामभाऊचीच राहिली. कायद्याने बघाल तर निकाल मोठा, नोंद लहान. पण बँक, एजंट आणि जमीन घेणारा निकाल कशाला वाचतो, तो सातबारा बघतो.

वर्षं गेली. तुकाराम वारला. कुंभमेळा झाला, रस्ते रुंद झाले, आणि मखमलाबादच्या जमिनींकडे लोक गाड्या थांबवून बघायला लागले. एक एजंट रामभाऊच्या मुलांपर्यंत पोहोचला. सातबाऱ्यावर तुमच्या वडिलांचं नाव आहे, पट्टीसकट सगळा मळा घेणारा मी आणतो, असं त्याने सांगितलं. विकण्याची बोलणी सुरू झाली आणि ती काशीबाईच्या कानावर आली.

ती माझ्या ऑफिसात आली ती देव्हाऱ्यावरची फ्रेम लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून. मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, हे तलाठ्याकडे का नाही नेलं? ती म्हणाली, "त्याच्या हाती देऊन मळवायची व्हय? देवाजवळ व्हती, तिथं कोन हात लावनार व्हतं?" मी ती तिच्या हातातून घेतली. काच पुसली, फ्रेम उघडली आणि नोंदीचा अर्ज केला.

तलाठ्याने नोटीस काढली. रामभाऊची मुलं गावभर सांगत सुटली की आम्ही हरकत घेणार. त्या हरकतीत कायद्याने काही दम नव्हता. पण हरकत आली की प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे, तिथून प्रांताकडे, तिथून पुढे, आणि तोवर पट्टी तिसऱ्याच्या नावावर झाली की काशीबाईला त्या तिसऱ्या माणसाशी पहिल्यापासून भांडायचं. तेही या वयात. बार रूममधले जाणते म्हणाले, बाईला तडजोड करायला सांगा, थोडेफार पैसे घेऊन मोकळी होईल.

मी शेवाळे साहेबांना गाठलं. रामभाऊची माणसं अजून त्यांच्याकडेच जात-येत होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी सरळच विचारलं, तुम्ही हरकत दाखल करणार आहात का? ते शेंगदाणे सोलत होते. म्हणाले, "माझ्या पक्षकाराचं मी तुम्हाला कसं सांगू, मॅडम?" बरोबर होतं त्यांचं. वकिलाने असंच म्हणायला हवं. पण माझं डोकं असं तडकलं की मी त्यांना नाही नाही ते बोलले. दगड रोवण्याचं नाटक कशाला केलं होतंत, इथपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक शेंगदाणा माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

सुनावणीच्या दिवशी मंडळ अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर एजंटची गाडी उभी. रामभाऊचा थोरला मुलगा टाइप केलेली हरकत हातात घेऊन आत बसलेला, फक्त बापाची सही बाकी. काशीबाई कोपऱ्यात बाकावर, पदराशी चाळा करत. थोड्या वेळाने शेवाळे साहेब आले आणि त्यांच्या हाताला धरून रामभाऊ. किती वाळला होता तो.

अधिकाऱ्यांनी विचारलं, बोला, तुमची हरकत काय आहे?

साहेब उठले. या वेळी शेंगदाणे नव्हते.

"हरकत नाही, साहेब. आम्ही ही केस हरलेलो आहोत."

अधिकाऱ्यांना कळेना. त्यांच्यापुढे आजवर कुणी वकील असं बोलला नसावा. साहेबांनी मग स्वतःच तिन्ही कोर्टांचे निकाल एकामागून एक त्यांच्यापुढे ठेवले, आपण कुठे कुठे हरलो ते दाखवत. माझ्या अर्जात जोडलेल्या कागदांपेक्षा त्यांचा संच चांगला होता.

मुलगा ताडकन उठला. तुम्ही वकील आमचे का त्यांचे, म्हणून ओरडला. आणि साहेबांचं डोकं फिरलं.

"येडा शे का तू?" ते गरजले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझाच वकील आहे. याच निकालाने वरचा मळा तुझ्या बापाचा ठरलाय. आज तिच्या पट्टीपुरता हा निकाल खोटा केलास, तर उद्या तुझ्या मळ्यापुरता तो कोण खरा मानील?"

मुलगा बापाकडे बघायला लागला. रामभाऊ टेबलाला धरून उठला. मग अधिकाऱ्यांना म्हणाला, "तिथला दगड मीच रवलाय. माझ्या हातानं." आणि जबाबावर सही केली. टाइप केलेला कागद मुलाच्या हातातच राहिला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मला रडू आवरेना, आणि वकिलाने सुनावणीत रडू नये म्हणून मी पिशवीत उगाच काहीतरी शोधत बसले.

रामभाऊने नंतर मला सांगितलं, की मुलं हरकतीचा आग्रह धरून बसली तेव्हा तो एकटाच साहेबांच्या घरी गेला होता. म्हणाला, वकीलसाहेब, इहीर आपली हाय असं तुमीच म्हनले व्हते ना? साहेब म्हणाले, म्हणालो होतो, आजही म्हणतो. मग? तर म्हणे, मग काय, कोर्टाला नाही पटलं. रामभाऊ म्हणाला, "लय राग आला मला त्यांचा. पर खोटं बोलले असते ना, तर जास्ती आला असता."

नोंद झाली. सातबाऱ्यावर काशीबाईचं नाव चढलं. पुढच्या उन्हाळ्यात रामभाऊच्या मळ्यातली बोअर आटली, भेंडी आणि गवार माना टाकायला लागली. आणि काशीबाईने निरोप धाडला: भाऊजींना म्हणावं, आठवड्यातून पाण्याच्या दोन पाळ्या माझ्या विहिरीवरून घ्या.

मी हादरलेच. इतकी वर्षं मीच तिला बजावत होते, की पाण्याचा थेंब देऊ नकोस, दिलंस तर उद्या तो हक्क सांगेल. मी तिला तसं म्हटलं. ती हसली. म्हणाली, "तवा कशी देनार? दिलं असतं तर त्यांचंच व्हतं म्हून दिलं, असं झालं असतं. आता माझी हाय ते ठरलंय. माझं हाय, म्हून देते." मी इतकी वर्षं दाव्यांत घालवली, पण निकाल कशासाठी असतो हे मला त्या बाईने इतक्या सोप्या शब्दांत सांगेपर्यंत उमगलं नव्हतं.

पहिल्या पाळीला तिने आम्हा दोघा वकिलांना जेवायला बोलावलं. साहेबांनी तोवर वकिली थांबवली होती, सामान कळवणला हलवायचं चाललं होतं. मी पोहोचले तेव्हा पंप सुरू होता आणि साहेब कुठे दिसेनात. बघते तर पलीकडे रामभाऊच्या भेंडीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अनवाणी, हातात फावडं. पाण्याला दारं धरत होते. रामभाऊ बांधावर बसून त्यांना सूचना देत होता आणि ते एकही ऐकत नव्हते.

मला बघून ते फावड्यावर रेलले. घामाने चष्मा नाकावर आलेला.

"मॅडम, ही विहीर रामभाऊच्या बापानेच खणली होती हो," ते म्हणाले.

"म्हणजे निकाल चुकलाच म्हणायचा?"

"साफ चुकला," ते म्हणाले आणि पुढच्या सरीचं दार फोडलं.

पाणी वळलं, त्या वाळलेल्या मातीत थोडं घुटमळलं आणि मग पुढे सरकलं. ते त्याच्या बरोबरीने सरीच्या कडेकडेने चालत गेले. विहिरीवरून काशीबाईने ओरडून विचारलं, पाणी शेवटपर्यंत गेलं का. रामभाऊ उत्तर द्यायला उठत होता, तोवर भेंडीच्या आडून साहेबांचाच आवाज आला, "पोचलं, पोचलं."